शाळेच्या भिंतीवरचं चित्र रात्रीत विद्रूप केलं. आधी काय करायचं?

फळाखडू
३ जानेवारी, सकाळी ११.४०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आमची शाळा तालुक्याच्या गावात आहे. रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वी मुलांनी, पालकांनी आणि गावातल्या पेंटरकाकांनी मिळून एक चित्र काढलं होतं. डावीकडे सावित्रीबाई, काखेत पुस्तकं, लुगड्यावर शेणाचे डाग. उजवीकडे दिव्याखाली वाचत बसलेला लहानगा भीमराव. मधल्या जागेत आमच्या मुलांच्या हातांचे ठसे. सगळा खर्च वर्गणीतून. कोणी रंगाचा डबा दिला, कोणी उंचावर रंगवायला परांची बांधण्यासाठी बांबू दिले, दोन आया रोज चहा करून आणायच्या.

आज सावित्रीबाईंची जयंती. शिपाईमामा सकाळी साडेसहाला हार घालायला गेले आणि तसेच परत आले. दोन्ही चेहऱ्यांवर काळा ऑइलपेंट फासलाय. खाली ब्रशने जातीवाचक शिव्या लिहिल्यात. त्या मी इथे लिहिणार नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, मुलं यायच्या आत चुना मारून टाका. वस्तीतली पोरं म्हणाली, हात लावायचा नाही, सगळ्या गावाला दिसू दे काय केलंय ते. आठ वाजता मुलं येणार होती. मी आणि शिपाईमामांनी स्टेजची निळी ताडपत्री काढली आणि भिंतीवर बांधली. आता पुढे काय, ते कळत नाहीये. पाचवीतली एक मुलगी ताडपत्रीच्या कडेला उभी राहून आपला ठसा शाबूत आहे का ते खालून वाकून बघत होती. तेव्हापासून मला वर्गात उभं राहवत नाहीये.

कलम_दवात
३ जानेवारी, दुपारी १२.०५

ताई, झाकलंत ते योग्यच केलंत. पंचनामा होईपर्यंत पुसू मात्र नका. मुख्याध्यापकांना सांगा की चुना मारला तर पुरावाच जाईल.

आत्ताच्या आत्ता करायचं ते सांगते. ताडपत्री बाजूला करून फोटो काढा, लांबून आणि जवळून, अक्षरांशेजारी मोजपट्टी धरून. जवळपास डबा, ब्रश, हातमोजा पडला असेल तर शिवू नका. समोरच्या दुकानांत कॅमेरे असतील तर आजच लेखी पत्र द्या, कारण बऱ्याच यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

ठाण्यात बहुतेक वेळा नुसतं मालमत्तेच्या नुकसानीचं कलम लावून विषय संपवायचा कल असतो. म्हणून हे नीट वाचून जा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात (अ‍ॅट्रॉसिटी) २०१५च्या दुरुस्तीने कलम ३(१)(टी) आलं. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पवित्र किंवा अत्यंत आदराची वाटणारी वस्तू फोडणं, बिघडवणं, विटाळणं हा गुन्हा आहे, आणि 'वस्तू' म्हणजे पुतळा, छायाचित्र, व्यक्तिचित्रही, असं स्पष्टीकरण त्यातच आहे. शेजारच्या (व्ही) मध्ये आदरणीय दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी केलेला अनादर येतो. आरोपी अनोळखी असला तरी गुन्हा नोंदवता येतो. नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८ए सांगतं. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.

आणि हात जोडून विनंती, शिव्यांचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ज्याने लिहिलं त्याला तेच हवं असतं, भिंतीपुढून शंभर माणसं जातात तर फोनवरून दहा हजार जातात. फोटो पोलिसांना द्या आणि शाळेच्या फाइलीत ठेवा.

साधासरळ
३ जानेवारी, दुपारी १.३०

माझं मत वेगळं आहे आणि ते काळजीपोटी आहे. आमच्या गावात असाच एक प्रकार झाला होता. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून पोरं जमली, दगडफेक झाली आणि ज्यांचा काही संबंध नाही अशी पोरं अजून कोर्टात तारखांना जातात. पंचनामा उरका, रातोरात भिंत पांढरी करा आणि सहा महिन्यांनी शांतपणे नवं चित्र काढा. पोरांच्या आयुष्यापेक्षा भिंत मोठी नाही.

रंगारी
३ जानेवारी, रात्री ९.१५

ताई, मी कोल्हापूर भागात वीस वर्षं भिंती रंगवतोय. तुमचं चित्र वाचू शकतं, पण नुसता वरून रंग मारून वाचायचं नाही.

खालचं चित्र एक्स्टीरियर इमल्शनचं, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या पाण्यात कालवायच्या रंगाचं असणार. वर ऑइलपेंट. लोक काय करतात, थिनरचा बोळा घेऊन घासत सुटतात. एनसी थिनर फार कडक, त्याने ऑइलपेंट निघायच्या आधी तुमचं इमल्शन विरघळतं आणि सगळा काळा चिखल होतो. टर्पेंटाइन जरा मवाळ, पण तेही ऑइलपेंट ओला असताना. उद्यापर्यंत ते वरून वाळलेलं असेल, मग नाद सोडा. प्रेशरचं पाणीसुद्धा मारू नका, पोपडे निघतील.

आता महत्त्वाचं. ब्रशने लिहिलेल्या अक्षराला जाडी असते. तुम्ही त्यावर चार कोट मारा, सकाळी ऊन तिरकं पडलं की अक्षराच्या कडांची सावली पडते आणि शिवी जशीच्या तशी वाचता येते. एका गावच्या समाजमंदिराला मी हे डोळ्यांनी बघितलंय. वरून सगळं पांढरं, आणि सातच्या उन्हात शब्द उभा. तिथल्या आज्या त्या वेळेला तिकडून जायच्या नाहीत.

म्हणून अक्षरं आधी पत्रीने खरवडायची, मग पॉलिश पेपरने कडा मोडायच्या, खड्डा पडेल तिथं बाहेरची पुट्टी, परत घासायचं. बोट फिरवल्यावर काही लागलं नाही पाहिजे. मग डाग वर न येऊ देणारा प्रायमर, वाळला की पांढरा, आणि मग चित्र. काळा रंग प्रायमरशिवाय झाकला तर राखाडी होऊन परत वर येतो.

चेहरे मात्र ज्यांनी पहिल्यांदा काढले त्यांनाच काढू द्या. दुसऱ्याच्या हाताने डोळा बदलतो.

पैलतीर
४ जानेवारी, पहाटे २.५०

फळाखडू, तुमची ताडपत्री वाचली आणि झोप लागली नाही. मी दक्षिण मँचेस्टरमध्ये राहते, विदिंग्टनच्या जवळ. तिथल्या भिंतीची गोष्ट सविस्तर लिहिते, कारण तीही झाकण्यापासूनच सुरू होते.

कॉप्सन स्ट्रीटवर एका कॅफेच्या बाजूच्या भिंतीवर फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डचं काळंपांढरं मोठं चित्र आहे. तो लहानपणी याच भागात राहिला. 'विदिंग्टन वॉल्स' या स्थानिक लोकांच्या उपक्रमासाठी अक्से या चित्रकाराने ते नोव्हेंबर २०२० मध्ये काढलं. अक्से मूळचा फ्रान्सचा, व्हिएतनामी वंशाचा, अनेक वर्षं मँचेस्टरकर. चित्र नुसतं खेळाडूचं म्हणून नव्हतं. करोनाच्या काळात सुट्टीत गरीब मुलांचं शाळेतलं जेवण बंद होणार होतं, तेव्हा या मुलाने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं आणि १६ जून २०२० रोजी सरकारला निर्णय फिरवावा लागला. सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता. शाळेत खिचडी शिजते त्या वासाची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. चित्रात त्याच्या आईचं वाक्य आहे. आपल्या धडपडीचाच आपल्या ध्येयात सर्वांत मोठा वाटा असेल याचा अभिमान बाळग, अशा अर्थाचं. ती एकटीने पाच मुलं वाढवणारी बाई.

११ जुलै २०२१. वेम्बलीवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टीवर इटली ३-२ ने जिंकली. इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो आणि साका चुकले. तिघेही कृष्णवर्णीय. काही मिनिटांत त्यांच्या खात्यांवर वर्णद्वेषी घाण सुरू झाली. आणि त्याच रात्री विदिंग्टनच्या भिंतीवर कोणीतरी अर्वाच्य लिहून गेलं.

सकाळी एका रहिवाशाने काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणून त्या शब्दांवर चिकटवल्या. ना परवानगी, ना बैठक. मग त्या काळ्या प्लॅस्टिकवर कोणीतरी कागदाचं हृदय लावलं. मग दुसरं. दुपारपर्यंत चिठ्ठ्या, मुलांच्या वहीची पानं, झेंडे, फुलं, कविता. मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन गेले होते. त्याने देवनागरीत लिहिलं, 'पुढच्या पेनल्टीला मी बघतोय.' घरी मराठी लिहायला नको म्हणणारा मुलगा. मी विचारलं, त्याला वाचता येणार नाही रे. म्हणाला, इतकी पानं आहेत, एक मराठीत हवंच ना.

१३ जुलैला अक्सेने येऊन बिघडलेला भाग दुरुस्त केला. म्हणजे दोनच दिवसांत. त्यासाठी लोकांनी भराभर देणग्या दिल्या. त्याच दिवशी शेकडो लोक चित्रासमोर जमले आणि वर्णद्वेषाचा निषेध म्हणून त्यांनी एक गुडघा जमिनीला टेकला. पण मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं ते पुढचं. चित्र दुरुस्त झालं म्हणून चिठ्ठ्या उचलून कचऱ्यात टाकल्या नाहीत. पाऊस यायच्या आधी संग्रहालयांतल्या जाणकारांच्या मदतीने त्या एकेक करून काढल्या आणि जपून ठेवल्या. शिव्या फार तर दोन दिवस दिसल्या असतील. चिठ्ठ्या राहिल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. झाकणं आणि रंगवणं यांच्या मधला जो वेळ आहे, तो वाया घालवू नका. तो गावाचा आहे. ताडपत्री मुलांना द्या.

साधासरळ
४ जानेवारी, सकाळी ८.२०

पैलतीर, छान लिहिलंय, पण पुढची गोष्टही सांगायला हवी. तिथल्या पोलिसांनीच काही दिवसांनी सांगितलं होतं की भिंतीवरचा मजकूर वर्णद्वेषी स्वरूपाचा असल्याचं वाटत नाही. मग सगळ्या देशाने एवढं रान उठवलं ते कशावर? म्हणूनच म्हणतो, घाईने अर्थ लावू नये.

पैलतीर
४ जानेवारी, सकाळी ११.००

बरोबर आहे, पोलिसांनी तसं सांगितलं होतं, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही आठवण दिलीत ते बरं झालं.

तरीही मला आमचं त्या दिवशी उभं राहणं चुकीचं वाटत नाही. फोनवर त्या तिघांच्या नावाने जे चाललं होतं ते तर खरंच होतं, सगळ्यांनी वाचलं होतं. त्याला उत्तर द्यायला लोकांना एक जागा हवी होती आणि ती भिंत मिळाली. रॅशफर्डने स्वतः १२ जुलैच्या निवेदनात पेनल्टी चुकल्याची माफी मागितली, पण आपण कोण आहोत आणि कुठून आलो याची माफी कधीच मागणार नाही, असं ठणकावून लिहिलं.

त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट तर अगदी स्पष्ट होती. शहराच्या मध्यात स्टीव्हन्सन स्क्वेअरला अक्सेनेच जॉर्ज फ्लॉइडचं, म्हणजे अमेरिकेत पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय माणसाचं, चित्र काढलं होतं. जुलै २०२० मध्ये त्यावर वर्णद्वेषी शिवी लिहिली गेली. तिथे शंकेला जागा नव्हती. त्याने तेही पुन्हा रंगवलं.

तुमच्या मुद्द्यातून मी एक गोष्ट घेते. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहावं. कोणी केलं ते माहीत नसताना कुठल्या आळीचं नाव घेऊ नये. पण फळाखडूंच्या भिंतीवर काय लिहिलंय ते माहीत आहे. त्याला 'खोडसाळपणा' म्हणणं हेही घाईने अर्थ लावणंच झालं.

घाटकोपरकर
४ जानेवारी, रात्री १०.३०

जय भीम.

११ जुलै ही तारीख वाचली आणि थांबलो. पैलतीरताईंना कदाचित कल्पना नसेल. ११ जुलै १९९७, सकाळ. आमच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक हमरस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. त्यात त्या गर्दीशी काही संबंध नसलेलेही होते. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव दिला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. दर वर्षी ११ जुलैला आम्ही जमतो.

साधासरळ, तुमची भीती मला कळते. माझ्याइतकी कोणाला कळणार? पण भिंत पांढरी करून ती भीती जात नाही. तुमच्या गावच्या पोरांना दगड हातात का घ्यावासा वाटला, तर कोणी मोठं माणूस त्यांच्या शेजारी उभं नव्हतं. तेव्हा फळाखडूताई, वस्तीतल्या पोरांना 'शांत राहा' एवढंच सांगून घरी पाठवू नका. त्यांना काम द्या. रात्री भिंतीपाशी कोण बसणार, ठाण्यात तक्रार घेऊन कोण जाणार, पंचनाम्याला पंच म्हणून कोण सही करणार. आणि शाळेच्या वतीने, वस्तीच्या बाहेरच्या माणसांनी आधी पुढे यायला पाहिजे. दर वेळी ज्याचा अपमान झाला त्यानेच दारोदार जाऊन तो अपमान होता हे पटवायचं, याचा फार शीण येतो.

फळाखडू
६ जानेवारी, रात्री ८.००

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद शिक्षकखोलीत मोठ्याने वाचला.

गुन्हा नोंदवला. पहिल्यांदा साधंच कलम लावत होते. मुख्याध्यापकांनी स्वतः कलम_दवात यांचा मजकूर वहीत उतरवून नेला होता, तो पुढे ठेवला. दोन तास बसलो, मग झालं. पंचनामा काल. पंच म्हणून किराणा दुकानदार आणि पोस्टमन.

ताडपत्री मुलांना दिली. सोमवारी दोनच कागद लागले, आज जागा नाही. सातवीच्या मुलांनी सावित्रीबाईंची दुसऱ्या लुगड्याची गोष्ट लिहून लावलीय. शाळेत जाताना अंगावर शेण यायचं म्हणून त्या सोबत आणखी एक लुगडं न्यायच्या आणि पोहोचल्यावर बदलून शिकवायला उभ्या राहायच्या. ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. या वर्षी त्यांनी मला सांगितली.

आता प्रश्न. व्यवस्थापन समितीत चर्चा आहे की चित्र झालं की पुढे लोखंडी जाळी बसवू. मला ते कसंतरीच वाटतंय. पण पुन्हा झालं तर?

डेल्टा
७ जानेवारी, सकाळी ६.१५

मी अमेरिकेत मेम्फिसला असतो, इथून मिसिसिपी राज्य जवळ. एमेट टिल हा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. १९५५ मध्ये गोऱ्यांनी त्याचा खून केला. तिथल्या टॅलाहॅची नावाच्या नदीत जिथे त्याचा मृतदेह सापडला तिथे स्थानिक लोकांनी माहितीफलक उभारला. पहिला फलक २००८ मध्ये उपटून नेला. दुसऱ्यावर वर्षानुवर्षं गोळ्या झाडल्या. २०१८ मध्ये तिसरा लावला, त्याला ३५ दिवसांत गोळ्या लागून भोकं पडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथा लावला, दोनशे किलोंहून जड पोलादाचा, गोळी न भेदणारा.

मी तो बघायला गेलो होतो. एवढासा फलक आणि एवढं पोलाद, हे बघून पोटात कालवलं. पण तो जुना, दुसरा फलकही लोकांनी टाकला नाही. त्यावर ३१७ भोकं होती. २०२१ मध्ये तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात तसाच मांडला. दुरुस्त न करता.

जाळीबद्दल माझं उत्तर नाही म्हणूनच आहे. बंदुकीला पोलाद लागलं, कारण दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे ब्रश आला होता.

घाटकोपरकर
७ जानेवारी, सकाळी ९.०५

जाळीबद्दल मीही बोलतो. देशात किती ठिकाणी बाबासाहेब गजांच्या आड उभे आहेत ते प्रवासात बघा. लोकांनी हौसेने नाही बसवले ते गज, त्यांना नावं ठेवणार नाही. पण लहान मुलं विचारतात, यांना आत का ठेवलंय? तुमच्या भिंतीवर तर मुलांचे ठसे आहेत. जाळीतून हात कसा लावणार? दिवा लावा. रात्रभर चालणारा, चांगला मोठा.

रंगारी
७ जानेवारी, रात्री ९.४०

दिवा शंभर टक्के. आणि जाळीऐवजी क्लिअर कोट. चित्र पूर्ण वाळल्यावर, निदान पंधरा दिवसांनी. दोन प्रकार येतात. एक मेणाचा, त्यावर कोणी लिहिलं तर गरम पाण्याने मेणासकट निघतं आणि परत लावावा लागतो. दुसरा कायमचा, त्यावरचा रंग रिमूव्हरने पुसता येतो, खालचं चित्र शाबूत राहतं. कायमचा लावायचा असेल तर आधी भिंतीची ओल बघा. ओल्या भिंतीला तो लावला की पाणी आत कोंडतं आणि पहिल्या पावसाळ्यात चित्रासकट सालपट निघतं.

ताई, पेंटरकाकांना एकट्याला झेपत नसेल तर मी रविवारी येतो. मजुरी नको. एसटीचं तिकीट माझं मी काढीन.

फळाखडू
२७ जानेवारी, सायंकाळी ६.३०

उशीर झाला लिहायला.

रंगारीदादा दोन रविवार आले. पहिला अख्खा दिवस नुसतं खरवडणं आणि घासणं. वस्तीतली पोरं, एनएसएसची पोरं, आणि साधासरळ यांचा निरोप वाचून आलेले त्यांचे एक भाचे, सगळ्यांनी पाळ्या लावून पॉलिश पेपर मारला. दादा दर अर्ध्या तासाने डोळे मिटून भिंतीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, अजून आहे. संध्याकाळी साडेपाचला म्हणाले, गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आणि शिपाईमामा तिरक्या उन्हात बघायला गेलो. काही दिसलं नाही.

चेहरे पेंटरकाकांनीच काढले. सावित्रीबाई आता जरा वयस्क दिसतात. काका म्हणाले, माझा हात दोन वर्षांनी म्हातारा झाला, त्याही झाल्या. तसंच ठेवलं.

मुलांच्या ठशांपैकी सात ठशांवर काळे ओघळ आले होते. त्या सात मुलांना विचारलं. चौघांनी नवा ठसा लावला. तिघांनी नको सांगितलं, आहे तसाच राहू दे म्हणाले. खाली वाकून बघणारी ती मुलगी या तिघांतली. का, ते मी विचारलं नाही.

ताडपत्रीवरचे कागद काढून, तारखा घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवलेत. आरोपी अजून सापडलेले नाहीत. पंधरा दिवसांनी आम्ही उपअधीक्षकांना लेखी विचारणार आहोत, कलम_दवात यांनी पत्राचा मसुदा पाठवलाय. दिवा काल ध्वजवंदनानंतर लागला.

रंगारीदादा, एक विचारायचं होतं. पहिलीच्या मुलांनाही ठसे लावायचेत, पण जागा संपली. पूर्वेकडची भिंत रिकामी आहे. खालच्या दोन फुटांत पांढरा लोणा, म्हणजे क्षाराची भुकटी, फुटल्यासारखा दिसतो. तिथे पुट्टीआधी काय मारू?

रंगारी
२७ जानेवारी, रात्री ९.५०

काही मारू नका. लोणा आलाय म्हणजे आत पाणी आहे. पलीकडच्या बाजूला नळ किंवा गटार आहे का बघा आणि फोटो टाका. ठसे तोपर्यंत दोन फुटांच्या वर घ्या. पहिलीची पोरं आहेत, त्यांना उचलून घ्यायला कोणीतरी लागेल.